वाहतूक बेटावरील फुलबाग : कसोटी तिसऱ्या उन्हाळ्याची

गावाच्या तिठ्यावरील वाहतूक बेट लोकसहभागातून फुलवण्याचे उपक्रम अलीकडे अनेक ठिकाणी हाती घेतले जात आहेत. हेतू स्तुत्यच आहे. परंतु पावसाळ्यात फीत कापून लावलेली रोपे पुढील मे महिन्यात वाळतात आणि त्या जागी गाजरगवत माजते, हेही आपण पाहतो. अशा बागेचे मूल्यमापन उद्घाटनाच्या छायाचित्रावरून न करता तिसऱ्या उन्हाळ्यात तेथे काय जिवंत आहे, यावरून व्हावे, असे आमचे मत आहे.

वाहतूक बेट म्हणजे शेताचा तुकडा नव्हे. त्याच्या पोटात बहुधा बांधकामाचा राडारोडा आणि दाबून घट्ट झालेला मुरूम असतो. तो किमान एक ते दीड फूट काढून पोयटा माती व कुजलेले शेणखत भरल्याशिवाय मुळे खाली जाणार नाहीत. मातीची पातळी कठड्याच्या काठापेक्षा चार बोटे खाली ठेवावी. अन्यथा पावसात चिखल रस्त्यावर येतो आणि दुचाकी घसरतात.

सौंदर्याआधी सुरक्षितता पाहिली पाहिजे. भारतीय रस्ते मानकांत वाहनचालकाच्या डोळ्यांची उंची रस्त्यापासून १.२ मीटर धरली जाते. म्हणून बेटाच्या उंचीसह झाडोरा गुडघ्याच्या वर जाऊ नये. बोगनवेलीची दाट कुंपणे येथे नकोत. सदाफुली, पावसाळी लिली, गॅलार्डिया, छाटून बुटकी ठेवलेली अबोली ही कमी पाण्यावर तगणारी निवड होय. सदाफुलीला गुरे-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, हा आणखी एक लाभ. हिरवळीचा मोह मात्र टाळावा. जेथे पिण्याच्या पाण्याचे टँकर येतात, तेथे ती शोभत नाही.

या जागेत भाजीपाला घ्यावा, ही सूचनाही अधूनमधून पुढे येते. ती स्वीकारू नये. टायर व ब्रेक यांच्या झिजेतून जस्त, तांबे यांसारखे धातू रस्त्याकडेच्या मातीत साचतात. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, तरी जुन्या रस्त्यांलगतच्या मातीत शिसे दीर्घकाळ टिकून राहते. फुलांमुळे मधमाश्या वाहनांखाली सापडतील, हा आक्षेपही रास्त आहे. त्यामुळे वेगवान महामार्गाऐवजी जेथे वाहने मुळातच मंदावतात असे गावातील चौक निवडावेत.

लागवडीची वेळ प्रदेशानुसार ठरते. महाराष्ट्र व मध्य भारतात जून-जुलै, तमिळनाडूच्या पूर्व भागात ईशान्य मोसमी पावसाबरोबर ऑक्टोबर, तर उत्तरेकडे हंगामी फुलांसाठी हिवाळा योग्य.

विस्तार कार्यकर्त्यांनी येथे केवळ रोपे वाटू नयेत. रस्ता ज्यांच्या अखत्यारीत आहे, त्या यंत्रणेची लेखी परवानगी, भूमिगत तारा व नळ यांची माहिती, वर्दळ कमी असताना चमकदार जाकीट घालूनच काम करण्याचा दंडक आणि कुटुंबनिहाय पाण्याची पाळी, या चार गोष्टी पहिला खड्डा खणण्यापूर्वी ठराव्यात. पाण्याची पाळी घेण्यास पुरेशी कुटुंबे पुढे येत नसतील, तर बाग लहान करावी. दहा फूट जोपासलेली बाग शंभर फूट वाळलेल्या बागेपेक्षा गावाला अधिक शिकवते. प्रगतिशील शेतकऱ्यांनी आच्छादन, ठिबक आणि खत व्यवस्थापनाचे आपले ज्ञान या बेटावर आणले, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ते वर्षभर उघडे असणारे प्रात्यक्षिक ठरेल.