प्रश्न विचारायचा कोणी?

कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क २०२५मध्ये ३१ डिसेंबरपर्यंत माफ झाले होते. १८ ऑगस्टच्या अधिसूचनेत ही माफी ३० सप्टेंबरपर्यंतच होती. गणपती बसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ तारखेला, ती आणखी तीन महिन्यांनी वाढवली. या तीन महिन्यांचा अर्थ यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. सप्टेंबरपर्यंत त्याच्या घरात कापूसच नसतो, पऱ्हाटी अजून पात्या-फुलांवर असते. वेचणी सुरू होते दसऱ्याच्या सुमारास. कृषी केंद्राची उधारी आणि वेचाईची मजुरी डोक्यावर असल्याने अनेकांना पहिला कापूस डिसेंबर संपायच्या आत विकावाच लागतो. नेमक्या त्याच काळात परदेशी गाठींना दार सताड उघडे ठेवले होते.

निर्णय वाईट होताच. त्याहून संतापजनक हे की, पहिली अधिसूचना निघाली तेव्हा संसद चालू होती. २१ ऑगस्टला अधिवेशन संपले, त्या दिवशी राळेगावात खांदेमळणी होती आणि दुसऱ्या दिवशी पोळा. म्हणजे सरकारकडे सभागृहात उभे राहून कारण सांगायला तीन दिवस होते. कापड उद्योग तेव्हा अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने अडचणीत आला होता, हे खरे. मग त्याची किंमत कापूस पिकवणाऱ्याने का मोजायची, याचे उत्तर संसदेत द्यायला हवे होते. त्यावर चर्चा लागलीच नाही.

लागणार तरी कशी? लोकसभेत १२० तासांचे कामकाज ठरले होते, झाले ३७ तास. ४१९ तारांकित प्रश्न यादीत होते, तोंडी उत्तरे मिळाली ५५ प्रश्नांना. बाकीच्यांची लेखी उत्तरे पटलावर आली आणि विषय संपला. लेखी उत्तरात मंत्रालय एक तक्ता जोडते, योजनांची नावे लिहिते आणि सुटते. मंत्र्याला खरा घाम फुटतो तो उपप्रश्नाला. कापसाच्या बाबतीत तर उपप्रश्नाशिवाय काही हाती लागतच नाही. हमीभाव कृषी खात्याकडे, भारतीय कापूस महामंडळाची (सीसीआय) खरेदी वस्त्रोद्योग खात्याकडे आणि आयात शुल्क अर्थ खात्याकडे. एकाला विचारले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्याला जागेवरच अडवायला सभागृहात उभा असलेला खासदारच लागतो. अकरा ते बारा हा प्रश्नोत्तराचा तास त्यासाठीच आहे.

तो तास बुडाला तरी विधेयके मात्र थांबत नाहीत. नवे आयकर विधेयक ११ ऑगस्टला लोकसभेत काही मिनिटांत मंजूर झाले. ऑनलाइन गेमिंगचे विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि २१ तारखेला राज्यसभेत, तेही गोंधळातच. शेतकऱ्यांना हा अनुभव नवा नाही. २०२०च्या सप्टेंबरमध्ये कृषी कायदे आणले, त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता. २९ नोव्हेंबर २०२१ला तेच कायदे मागे घेतले, तेव्हाही चर्चा नाही. आणताना विचारू दिले नाही, मागे घेताना बोलू दिले नाही. २०२५च्या अधिवेशनात बिहारच्या मतदार याद्यांचा विषय गंभीर होता, पण विरोधकांनी त्यापायी वारंवार प्रश्नोत्तराचा तास बुडवला आणि मंत्र्यांची आयतीच सुटका केली, हेही सांगितले पाहिजे.

यवतमाळचे नाव दिल्लीत निघत नाही असे नाही. जुलै २००८च्या विश्वासदर्शक ठरावावेळी जळका गावच्या एका शेतकरी विधवेची कहाणी लोकसभेत गाजली, ऑगस्ट २०२३च्या अविश्वास ठरावावेळी तिचे नाव पुन्हा निघाले. दोन्ही वेळा ते एका पक्षाला दुसऱ्यावर मात करण्यासाठी हवे होते. तिच्या शेतातल्या कापसाच्या भावाचे उत्तर कोणत्याच मंत्र्याला द्यावे लागले नाही.

राळेगावपुरते बोलायचे तर इथले आमदार अशोक उईके आज राज्याचे आदिवासी विकासमंत्री आहेत. मंत्री सभागृहात उत्तरे देतो, प्रश्न विचारत नाही. शिवाय आयात शुल्क केंद्राच्या हाती, त्यामुळे दिल्लीत प्रश्न विचारण्याची जबाबदारी यवतमाळ-वाशीमचे खासदार संजय देशमुख यांच्यावर येते. तारांकित प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते. पुढच्या अधिवेशनासाठी ती आताच लिहून ठेवावी: माफीच्या काळात किती गाठी आल्या? २०२५-२६च्या ८,११० रुपये हमीभावाच्या खाली गेलेला कापूस सीसीआयने किती दिवसांत आणि किती केंद्रांवर घेतला? शुल्क उठवण्यापूर्वी कृषी खात्याचे मत घेतले होते का? प्रश्न चिठ्ठीत निघाला नाही तर शून्य प्रहर आहे, नियम ३७७ आहे. आणि उईके यांनी मंत्रिमंडळात हा विषय काढावा. राज्य सरकारने या माफीविरुद्ध केंद्राला लेखी काय कळवले, ते कापूस यायच्या आधी राळेगावच्या बाजार समितीच्या आवारात उभे राहून शेतकऱ्यांना सांगावे.