पाचशे रुपयांत बिनविरोध



आपल्याच भागातल्या एका पाड्यावर जूनमध्ये चौथी पास झालेल्या पोरांचे दाखले सरकारी शाळेनं अडवले. संगणकाच्या खोलीसाठी घरामागं पाचशे रुपये आणा, मग दाखला. ज्यांनी दिले त्यांना पावती नाही. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यातली दोन पोरं आजही गुरांमागं फिरतात. आता पंचायतीची निवडणूक लागली, तर सरपंचकीचा एक उमेदवार म्हणतो, "मला बिनविरोध करा, राहिलेल्यांची फी मी भरतो, दाखले घरपोच आणून देतो." बैठकीत टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांना आम्ही नावं ठेवत नाही. पोरगं घरी बसलं की काय होतं ते आईबापाला ठाऊक. पण जी फी तो भरणार, ती आपण देणं लागतच नव्हतो!

2009 चा शिक्षण हक्क कायदा 2010 च्या एप्रिलपासून लागू आहे. 6 ते 14 वर्षांच्या पोराला सरकारी शाळेत आठवीपर्यंत फी नाही. गावानं राजीखुशीनं वर्गणी काढून शाळा रंगवली तर चांगलंच आहे, आपण काढलीही आहे. पण दिली नाही म्हणून पोराला अडवलं की ती वर्गणी राहत नाही. त्याच कायद्याचं कलम 5 सांगतं की दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा. उशीर केला तर कारवाई मुख्याध्यापकावर होते. आणि दाखला मिळाला नाही म्हणून नवी शाळा पोराला परत पाठवू शकत नाही. हे आपल्याला जूनमध्येच माहीत असतं तर ती दोन पोरं आज पाचवीत बसली असती. ही चूक आमचीही आहे. जमिनीच्या दाव्यांच्या धावपळीत आम्ही शाळेकडे बघितलंच नाही.

आता बिनविरोधचं. एकच अर्ज राहिला तर तो उमेदवार निवडून आला, हे कायद्यानं बरोबर आहे. आम्ही बिनविरोधच्या विरोधात नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात सगळ्यांच्या मतानं निर्णय होतात, पटलं नाही तर पुन्हा बसतात. आपले जुने लोकही असेच बसायचे. पण तिथं प्रत्येकाला बोलायला मिळतं. इथं काय झालं? पाड्यावरची एक बाई अर्ज भरणार होती. रात्री तिच्या नवऱ्याला बोलावून सांगितलं, गावाची एकी मोडू नका. अर्धा पाडा गुजरातला ऊसतोडीला गेलेला. मग एकी कुणाची झाली?

2021 च्या जानेवारीत नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी आणि नाशिक जिल्ह्यातलं उमराणे, या दोन्ही गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं रद्द केली. सरपंचपदाचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोली 2 कोटींच्या वर गेली, खोंडामळीत 42 लाखांवर. पैसा देवळासाठी होता म्हणून तो लिलाव चालला नाही. मग शाळेच्या नावानं कसा चालेल? भारतीय न्याय संहितेत निवडणुकीतली लाच हा गुन्हा आहे, आणि तिथं निवडणुकीचा हक्क म्हणजे नुसतं मत नाही. उभं राहणं, न राहणं, अर्ज मागं घेणं, हे सगळं त्यात येतं. घेणाराही त्यात सापडतो, हेही सांगून ठेवतो.

हिशेब बघा. वीस घरं राहिली असली तरी दहा हजार झाले. दहा हजारांत पाच वर्षं! पेसामुळं सरपंच आदिवासीच होणार, म्हणून ठेकेदार स्वतः उभा राहत नाही, आपल्यातला माणूस पुढं करतो. आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट पंचायतीला येतो. खडीच्या खाणीला ग्रामसभेची नाहीतर पंचायतीची शिफारस लागते. त्या उमेदवाराच्या प्रचाराला ट्रॅक्टर कुणाचे फिरतात ते सगळ्यांनी पाहिलंय. आपले वनहक्काचे दावे तालुक्याला पडून आहेत, त्यांचं नाव त्यानं अजून काढलेलं नाही.

त्या दोन पोरांचे दाखल्याचे अर्ज सोमवारी आम्ही शाळेत देतो आहोत. पोच घेऊ, आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला देऊ. ज्यांनी पाचशे दिले त्यांनी लेखी पावती मागा. मास्तर चांगला आहे, वरून दाब आहे, असं काहीजण म्हणतात. असेल. मग मास्तरानं तेच कागदावर लिहून द्यावं.

त्या बाईनं अर्ज भरलाय. मागं घ्यायची मुदत मंगळवारी दुपारी तीनला संपते. तोवर तिच्या अंगणात कुणी ना कुणी बसलेलं पाहिजे. रात्रीची पाळी तरुण पोरं करतील, जेवण जवळच्या चार घरांतून येईल. ऊसतोडीला गेलेल्यांना फोन करा, मतदानाला या म्हणावं.