लीक नाही, सीपेज म्हणे!

मंडळी, वॉरंटीतल्या मोटारसायकलखाली तेलाचा डाग दिसला की आपल्यातले बरेच जण आधी पुठ्ठा शोधतात. डाग पुठ्ठ्यावर, गॅरेजची फरशी स्वच्छ, प्रश्न मिटला! डीलरला सांगितलंच, तर तो काउंटरमागून हसून म्हणतो, "लीक नाही, सीपेज आहे. या इंजिनांना एवढं असायचंच." आपण मान डोलावतो आणि घरी येतो. हे मान डोलावणं बंद करा, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी यंत्राचं बघू. कारच्या इंजिनातलं तेल इंजिनापुरतं असतं. बहुतेक मोटारसायकलींत मात्र तेच तेल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच अशा तिघांना पुरवावं लागतं, आणि ते असतं साधारण दोन ते चार लिटर. त्यातलं अर्धा लिटर कमी झालं तरी ते मोठं नुकसान आहे. पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील गळत असेल, तर तिथून मागचं चाक फार लांब नाही. तेल लागलेल्या टायरवर एक्झिट रॅम्पचं वळण घेताना डीलरचा 'सीपेज' हा शब्द तुम्हाला सावरायला येणार नाही. कारवाल्याची फरशी खराब होते, आपली हाडं मोडतात.

मग आपण गप्प का बसतो? एक कारण आपण घरून घेऊन आलोय. काका-मामांच्या जुन्या मोटारसायकलींखाली तेलाचा डाग असायचाच, आणि गळणं थांबलं तर तेल संपलं समजायचं, असा विनोदही व्हायचा. कोपऱ्यावरचा मेकॅनिक गॅस्केटला शेलॅक फासून द्यायचा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत काम चालायचं. त्या जुगाडाचं मला कौतुकच आहे. पण तिथे तक्रार घेऊन जायला दारच नव्हतं. इथे तुम्ही हजारो डॉलर मोजलेत आणि वॉरंटीचे पैसे त्यातच धरलेले आहेत. डीलर तुमच्यावर उपकार करत नाही, विकलेली वस्तू पोचती करतोय.

दुसरं कारण भीती. "ऑइल बाहेर बदललंत ना? मग वॉरंटी गेली." हे वाक्य ऐकून शिकलीसवरलेली माणसं निमूट परत फिरतात. अमेरिकेत 1975 पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. आमचेच पार्ट वापरा, आमच्याकडेच सर्व्हिसिंग करा, ही अट कंपनीला वॉरंटीला जोडता येत नाही. ते पार्ट किंवा ते काम फुकट देत असतील, तर गोष्ट वेगळी. 2022 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली आणि बाहेरची दुरुस्ती किंवा बाहेरचे पार्ट यांनी वॉरंटी रद्द होत नाही, हे ग्राहकांना स्पष्ट सांगायला लावलं. अर्थात ड्रेन प्लग तुम्हीच जास्त आवळून त्याचे आटे घालवलेत, तर त्याचा भुर्दंड तुमचाच. पण बाहेर बदललेल्या तेलाचा आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या गळक्या गॅस्केटचा काय संबंध? तो दाखवायला सांगा.

ब्रिटनमधल्या वाचकांची बाजू तर आणखी भक्कम आहे. 2015 च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे सदोष वस्तू पहिल्या 30 दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी मिळते. ती फसली, तर किंमत कमी करून मागता येते किंवा वस्तू परत करता येते. पहिले सहा महिने दोष मुळातच होता असं कायदा धरून चालतो. आणि ही जबाबदारी विकणाऱ्याची. तो "कंपनीशी बोला" म्हणाला, तरी दुकानातून हलू नका.

आता करायचं काय? इंजिन स्वच्छ पुसा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, थोडा वेळ इंजिन चालवा आणि पावडर कुठे ओली होते त्याचा फोटो काढा. तेलाची पातळी आणि ओडोमीटरचा आकडाही फोटोत येऊ द्या. गळती थांबवणारं कुठलंही रसायन तेलात ओतू नका, नंतर तेच कारण तुमच्यावर उलटवतील. डीलरकडे गेलात की तारखेसह रिपेअर ऑर्डर घ्या आणि त्यावर 'ऑइल लीक' हेच शब्द लिहून घ्या. वॉरंटी संपायच्या आत तक्रार केली होती, हे तो कागद सांगेल. तोंडी आश्वासन काही सांगत नाही. तेल टायरकडे किंवा ब्रेककडे जात असेल, तर मोटारसायकल चालवत नेऊ नका, उचलून न्यायला सांगा.

"परक्या देशात कशाला कटकट?" असं म्हणणारे भेटतीलच. वॉरंटीच्या तक्रारीचा आणि तुमच्या व्हिसाचा काडीचाही संबंध नाही. इथे कर भरता, विमा भरता, कर्जाचे हप्ते भरता, मग हक्काच्या वेळीच पाहुणे कसे होता? आणि आपण 'असू दे' म्हणून सोडलेलं उत्तर डीलर पुढच्या मराठी मुलाला जास्त आत्मविश्वासाने देतो. त्या मुलाची ती पहिलीच मोटारसायकल असते, आणि इंजिन खाली काय गाळतंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा येत्या शनिवारी तो पुठ्ठा उचला आणि डीलरच्या काउंटरवर नेऊन ठेवा.