पेरणीला भरती, बॅनरला गळती

सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचा पावसाचा अंदाज व्हॉट्सॲप ग्रुपांतून मराठवाडाभर फिरतो. 2024 च्या लोकसभेला डख वंचित बहुजन आघाडीकडून परभणीतून उभे राहिले आणि तिसरे आले. पेरू का थांबू, हे ज्यांना विचारायचं त्यांनाच मतही द्यायचं, असं लोकांनी काही मानलं नाही. ग्रुपमधला माणूस कामापुरता येतो, हे यापेक्षा स्वच्छ कसं दिसणार?

आपल्याकडे शेतीच्या ग्रुपांची सदस्यसंख्या नक्षत्रांवर चालते. जूनमध्ये 'मला पण ॲड करा'चा रेटा; सोयाबीन मोंढ्यावर गेलं की एकेक जण 'लेफ्ट'. आता तेही सगळ्यांना दिसत नाही. 2022 पासून व्हॉट्सॲपवर गुपचूप बाहेर पडता येतं, सूचना फक्त ॲडमिनला जाते. त्याच वर्षी ग्रुपची मर्यादा 256 वरून आधी 512 आणि मग 1024 झाली. तेव्हा आकडा फुगला त्यात ॲडमिनचं कर्तृत्व किती आणि कंपनीचं किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

खरी भरती येते संकटात. 2024 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला अतिवृष्टी झाली, रानांची तळी झाली. विम्यासाठी नुकसान तेव्हा 72 तासांत कळवावं लागायचं. अशा वेळी ग्रुपवर एकच कालवा: 'ॲप उघडंना', 'ओटीपी येईना', 'गट नंबर कुठं टाकू?' मग एखादं पोरगं बांधावरूनच चार स्क्रीनशॉट टाकतं, कुठं दाबायचं ते लाल बाण काढून. पन्नास जणांचं काम होतं. पाठोपाठ कुण्या नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर येतो, त्याखाली हार-फुलं नि हात जोडलेले चाळीस इमोजी. ग्रुप आधी म्यूट करतं ते तेच पोरगं.

ही गळती आकड्यात दिसत नाही, म्हणूनच ती वाईट. काम झाल्यावर गेलेला पुढच्या पेरणीला परत येतो. बॅनरला विटलेला मात्र नावाला राहतो आणि वाचत काहीच नाही. तरी ॲडमिन मंडळी दम भरतात ती जाणाऱ्यांनाच: 'कारण सांगून बाहेर पडा!' आठशे नावं धरून बसण्यापेक्षा त्या बाणवाल्या पोराला ॲडमिन करा, आणि बॅनरवाल्याला आजच काढा. मग तो सरपंचाचा भाऊ का असेना.