आकड्यांचा ताळा

गणिताच्या तासाला उत्तर आले की ताळा करण्याचा आपणांस कंटाळा येतो. या कंटाळ्याची किंमत आपल्याच हैदराबादने एकदा मोजली आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदात दाखविलेल्या शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये मुळी अस्तित्वातच नव्हते! एका तिमाहीचा नफा ६४९ कोटी दाखविला होता. प्रत्यक्षात तो ६१ कोटी होता. सुमारे १७९ रुपयांचा शेअर त्या एका दिवसात ४० रुपयांवर आला. त्यात कित्येक कुटुंबांची बचत होती.

लेखापरीक्षकांच्या सह्या असताना सामान्य माणसाने काय करावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु बाजारभाव म्हणजे इतरांचा विश्वास, पुरावा नव्हे. वर्तमानपत्रातील चढती रेषा पाहून पैसे गुंतविणे म्हणजे शेजाऱ्याचे उत्तर उतरविणेच होय. ताळ्याला दुसरीकडून मिळालेली माहिती लागते, आणि ती थोडी तरी उपलब्ध होती. तीनच आठवड्यांपूर्वी, डिसेंबर २००८ मध्ये, याच कंपनीने राजू कुटुंबाच्या 'मायटास' नावाच्या दोन कंपन्या विकत घेण्याचे ठरविले होते. (हे नाव रोमन लिपीत उलटे वाचून पाहावे!) भागधारकांनी आक्षेप घेताच तो बेत काही तासांत सोडावा लागला. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा तो अखेरचा प्रयत्न होता, असे राजूंनी पुढे त्याच पत्रात लिहिले.