'वाद नको, हलकंफुलकं बघा!'

गणपतीत नाटुकलं बसवायचं ठरलं, की आमच्या इथल्या मराठी मंडळींत एक वाक्य हमखास येतं, "वाद नको, काहीतरी हलकंफुलकं बघा." मिलानला आल्यापासून हे ऐकलं की मला दारिओ फो आठवतो.

स्टेशनमास्तरांचा हा मुलगा. सुरुवात रेडिओवरच्या विनोदी स्वगतांनी. १९६२ मध्ये तो आणि त्याची बायको फ्रांका रामे सरकारी टीव्हीच्या 'कांत्सोनिस्सिमा' या गाण्यांच्या तुफान लोकप्रिय कार्यक्रमात प्रहसनं करू लागले. एका प्रहसनात इमारतीच्या कामावर सुरक्षेचा खर्च वाचवणारा ठेकेदार होता. वरून हुकूम आला, हे काढा. दोघं सरळ बाहेर पडले. नंतर चौदा वर्षांहून अधिक काळ टीव्हीचं दार बंद!

माझ्या मते त्याचं सर्वांत धारदार लेखन याच काळातलं. डिसेंबर १९६९ मध्ये मिलानच्या बँकेत बॉम्ब फुटला. संशयावरून पकडलेला रेल्वे कामगार पिनेल्ली चौकशी चालू असताना पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून गेला. पोलिसांच्या हकिकती बदलत राहिल्या. फोने वर्षभरात त्यावर नाटक लिहिलं, तेही चक्क फार्स. एक वेडा न्यायाधीश बनून पोलीस ठाण्यात येतो आणि साहेबांकडून त्यांच्याच थापा पुन्हा करून दाखवून घेतो. प्रेक्षक हसतात आणि हसता हसता त्यांना कळतं, की खिडकीतून एक माणूस पडलाय. हे गंभीर भाषणाने झालं नसतं.

अर्थात, 'बाणेदारपणा' म्हणून टाळ्या वाजवणं आपल्याला सोपं आहे. किंमत त्यांनी मोजली, आणि जास्त फ्रांकाने. १९७३ मध्ये फॅसिस्ट गुंडांनी तिला पळवून नेऊन अत्याचार केले. तरी ती रंगमंचावर परतली. कितीतरी संहितांत तिचा हात होता, पण १९९७ चं नोबेल मिळालं एकट्या दारिओला. हे मला अजून खटकतं.

आपल्याकडे असं काही पणाला लागलेलं नाही, कबूल. फार तर कुणीतरी रुसेल, पुढच्या वर्षी मोदक आणणार नाही. तेवढ्यासाठी आपण दरवर्षी विसरभोळे नवरे आणि कजाग बायकाच बघायच्या का? यंदाच्या मीटिंगला मी एक एकांकिका घेऊन जातोय. त्यात आमच्याच कमिटीची खिल्ली आहे. बघू, काय म्हणतात ते.