विश्लेषण : गाडी चमकवण्याचे सामान यावलच्या बाजारात घ्यावे की ऑनलाइन?

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी तो २८ टक्के होता आणि वर उपकर. गाडी घेणे सोपे झाले, पण तिची निगा राखण्याचे सामान तालुक्याच्या गावात एका दुकानात मिळत नाही. शॅम्पूच्या एका बाटलीसाठी सुमारे २० किलोमीटरवरच्या भुसावळला कोण जाणार? मग मोबाइलवरून ऑर्डर जाते आणि कधी कधी पैसेही.

यावलच्या गाडीला वेगळे काय लागते?

हा केळीचा पट्टा. केळीच्या चिकात टॅनिनसारखे घटक असतात, ते हवेशी संपर्क येताच काळपट पडतात. चीक ओला असतानाच साबणाच्या पाण्याने पुसला तर निघतो; सीटच्या कापडावर वाळला की महागडे क्लीनरही हात टेकते. शर्टावरचे डाग पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. दुसरी अडचण कूपनलिकेच्या जड पाण्याची. उन्हात धुतलेल्या गाडीवरचे थेंब उडून जातात आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात मागे राहतात. त्यामुळे इथे पॉलिशच्या आधी गरज आहे ती सावलीची आणि लगेच पाणी टिपणाऱ्या मायक्रोफायबर कापडाची. ताजे ठिपके पाणी घातलेल्या व्हिनेगरने जातात. ते किराणा दुकानात मिळते; पुसल्यावर गाडी साध्या पाण्याने धुवायची, एवढेच.

गावात काय घ्यावे?

ऑटो पार्ट्सच्या दुकानात शॅम्पू, डॅशबोर्ड पॉलिश आणि वॅक्सचा डबा सहसा मिळतो. रबिंग कंपाउंड, मास्किंग टेप आणि पिवळ्या पडलेल्या हेडलाइटसाठी लागणारा १००० किंवा २००० नंबरचा पॉलिश पेपर रंगाच्या दुकानात विचारावा. फवारणीचा बॅटरी पंपही गाडीवरची धूळ भिजवायला उत्तम. फक्त तणनाशक मारलेला पंप त्यासाठी नको. कपडे धुण्याची पावडर मात्र टाळावी. ती अल्कधर्मी असते आणि वॅक्सचा थर उतरवते. डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवून आणलेली चमक तर तासाभरात धूळ ओढते आणि रबराचेही नुकसान करते.

ऑनलाइन घेताना काय पाहावे?

पीएच न्यूट्रल शॅम्पू, क्ले बार, जाड मायक्रोफायबर यांसाठी ऑनलाइनच बरे. कापडाचे जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन, पाहावे. फोटोत सगळीच कापडे जाड दिसतात. ‘नाइन एच सिरॅमिक’ या शब्दांना भुलू नये. तो आकडा पेन्सिलच्या टोकाने घेतलेल्या ओरखड्याच्या चाचणीचा असतो, दगड मारला तरी काही होणार नाही असा त्याचा अर्थ नाही. शिवाय फवारून पुसायचा सिरॅमिक स्प्रे आणि पॉलिश करून तज्ज्ञाने लावलेले कोटिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

२०११ च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. आयात माल असेल तर मूळ देशही. विदेशी ब्रँडची बाटली आणि आयातदाराचा पत्ता नाही, तर शंका घ्यावी. विक्रेता कोण, हेही पाहावे, कारण ब्रँड आणि विक्रेता एकच असतात असे नाही.

माल खराब निघाला तर?

द्रवपदार्थ उघडल्यावर परत घेतले जात नाहीत, अशी अट अनेकदा असते. ती ऑर्डर देण्याआधीच वाचावी. पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. माल बरोबर आला तरी तो पहिल्यांदा बॉनेटवर नव्हे, तर दाराच्या आतल्या कडेवर लावून पाहावा.